हट्ट सोडला, हक्क सोडला नाही

(शेतकरी आणि मच्छीमार बांधवांच्या बैठकीत केलेले भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आले नाही, त्या वाचकांसाठी ते येथे देत आहोत.)



इकडे येताना वाटेत एका वयस्क रापणकाराने मला हटकले. "मास्तर, आज कितें सांगतलो?" मी म्हटले, "आचे नावाच्या मुलखाची हकीकत." तो हसून म्हणाला, "आमच्यो गजाली सोंपल्यो?" प्रश्न रास्त आहे. आपल्या गजाली संपलेल्या नाहीत. त्या नीट कळाव्यात म्हणूनच आज ही दुसऱ्याची गजाल सांगायला मी उभा आहे. तुम्हीही ही हकीकत परकी म्हणून ऐकू नका.

आचे म्हणजे इंडोनेशिया देशातील सुमात्रा बेटाचे उत्तरेकडचे टोक. आपल्या देशाचे दक्षिणेकडचे शेवटचे टोक ग्रेट निकोबार बेटावर आहे, त्याला इंदिरा पॉइंट म्हणतात. तेथून आचेच्या हद्दीतली पहिली बेटे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरांवर आहेत. समुद्रमार्गे पणजीहून रत्नागिरी जेवढी लांब, साधारण तेवढेच हे अंतर. वस्ती पन्नास लाखांवर. लोक धर्माने मुसलमान, भाषा त्यांची स्वतःची. धंदा विचाराल तर भात, नारळ, डोंगरात कॉफी आणि तिन्ही बाजूंनी मासेमारी. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच लोक.

या लोकांचा आणि आपला एक जुना संबंधही आहे. ज्या आल्बुकेर्कने १५१० साली गोवा घेतला, त्यानेच १५११ साली मलाका घेतले. आचेच्या सुलतानांनी त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे मलाक्याच्या पोर्तुगीजांशी पुन्हा पुन्हा लढाया केल्या. १६२९ साली सुलतान इस्कंदर मुदाने मोठे आरमार घेऊन मलाक्याला वेढा घातला, आणि तो मोडायला जे आरमार गेले ते गोव्याहून गेले. ज्या सत्तेने आपल्या देवळांवर घाव घातले, तिच्याशी हे लोक तिकडे झुंजत होते. पुढे १८७३ साली डच त्यांच्यावर चालून गेले. तीस-तीस वर्षे लढूनही डचांना हा मुलूख पुरता पचला नाही. असे हे चिवट लोक.

१९४५ साली इंडोनेशियाने स्वातंत्र्य पुकारले, तेव्हा आचे नव्या देशाच्या पाठीशी उभे राहिले. १९४८ साली अध्यक्ष सुकार्णो तेथे गेले. देशाकडे विमान नव्हते. आचेच्या बायाबापड्यांनी अंगावरचे सोने उतरवून दिले आणि त्या पैशांतून देशासाठी विमान घेतले गेले. सुकार्णोंनी त्या वेळी शब्द दिला की तुमचा कारभार तुमच्या रीतीने चालेल. निदान आचेचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तसे सांगत आले.

आणि मग काय झाले? १९५०-५१ साली जकार्ताने आचे हा स्वतंत्र प्रांत मोडला आणि शेजारच्या उत्तर सुमात्रा प्रांतात घातला. तेथे भाषा वेगळी, माणसे वेगळी, कचेरी दूर मेदान शहरात. कुणाला विचारले नाही, मत घेतले नाही.

बांधवांनो, येथे मी जरा थांबतो. आपण विलीनीकरणवादी. कोणी म्हणेल, मास्तर, ही गोष्ट तर तुमच्याच अंगावर येते. विलीनीकरण केले म्हणून तेथे आग लागली! तर ऐका. आचेला ज्यात घातले ते त्याच्या भाषेचे घर नव्हते, आणि घालताना आचेच्या माणसाला विचारलेही नव्हते. आपण मागितले ते भाषेच्या आणि संस्कृतीच्या नात्याने मागितले, आणि मतपेटीच्या वाटेने मागितले. तरीही आचेचा धडा आपल्यालाही लागू आहे, हे मी लपवणार नाही. माणसांना न विचारता त्यांना कशातही घातले तर ते टिकत नाही. आपल्या मनात कितीही शुद्ध हेतू असला तरी टिकत नाही.

पुढे ऐका. ज्या दाऊद बेउरेएह यांनी आचेचे गव्हर्नर म्हणून नव्या देशाची सेवा केली होती, तेच १९५३ साली बंड करून डोंगरात गेले. सरकार नमले. प्रांत पुन्हा वेगळा केला. १९५९ साली 'खास प्रदेश' असा दर्जा दिला आणि धर्म, चालीरीती व शिक्षण यांत मोकळीक कबूल केली. १९६२ साली दाऊद डोंगरातून खाली आले. लोकांना वाटले, मिटले. पण दर्जा पाटीवरच राहिला. सुहार्तोंच्या लष्करी राजवटीत सगळ्या देशाचा कारभार जकार्तातून चालू लागला आणि 'खास' या शब्दाला काही अर्थ उरला नाही.

अशात १९७१ साली आचेच्या उत्तर किनाऱ्यावर अरुण नावाच्या ठिकाणी नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. मोठा कारखाना उभा राहिला, बाहेरची माणसे आली, कुंपणे आली. वायू जहाजांत भरून जपानला जाऊ लागला. पैसा जकार्ताला. आसपासच्या गावांच्या वाट्याला काय आले ते तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या डोंगरांतले खनिजही मुरगावहून जपानलाच गेले, आणि माती आपल्या शेतांत राहिली.

त्या रागातून ४ डिसेंबर १९७६ रोजी 'मुक्त आचे चळवळ' जन्मली. तिचा पुढारी हसन दी तिरो हा डचांशी लढलेल्या एका नामांकित घराण्यातला. तो अमेरिकेत व्यापार करीत होता, तो परत येऊन डोंगरात गेला. त्याची मागणी एकच, आचे स्वतंत्र देश झाला पाहिजे. प्रथम मूठभर माणसे होती. सरकारने ती पांगवली, आणि १९७९ साली हसन देश सोडून गेला व पुढे स्वीडनमध्ये राहिला. पण १९८९ च्या सुमारास लिबियात शिकून आलेली पोरे परत आली आणि खरा भडका उडाला. सरकारने आचे हे लष्करी कारवाईचे क्षेत्र ठरवले. ते १९९८ पर्यंत तसेच राहिले.

त्या काळाचे वर्णन मी लांबवीत नाही. एकच सांगतो. पिडी जिल्ह्यात एक जुने लाकडी घर होते, लोक त्याला 'रुमोह गेउदोंग' म्हणत. लष्कराने ते घेतले आणि तेथे माणसांना नेऊन छळले. बायकांनाही सोडले नाही. १९९८ साली राजवट पडल्यावर लोकांनी ते जाळून टाकले. तीस वर्षांच्या या झगड्यात सुमारे पंधरा हजार माणसे मेली, असा अंदाज सांगतात. कोणी याहून अधिक सांगतात.

दोष एकाच बाजूला टाकून मी तुमची फसवणूक करणार नाही. बंदूकवालेही गावातून 'कर' उकळीत. मालाचा ट्रक निघाला की वाटेत ठाण्यावर शिपायाला पैसे द्यायचे, आणि पुढे जंगलाच्या तोंडाशी बंडखोराला द्यायचे. जावा बेटावरून येऊन शेती करणाऱ्या गरीब कुटुंबांना बंडखोरांनी हुसकावले. २००३ साली लष्करी कायदा पुकारला त्या दिवसांत शेकडो शाळा जळाल्या, आणि कोणी जाळल्या याबद्दल दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवीत राहिल्या. शाळा मात्र शेतकऱ्याच्या पोराची गेली. रात्री बाहेर पडलो तर शिपाई म्हणेल बंडखोर, आणि घरात बसलो तर बंडखोर म्हणेल फितूर. अशा ठिकाणी शेत कोण राखणार? जाळे कधी टाकणार?

मध्यंतरी एक आशा वाटली होती. १९९९ साली पूर्व तिमोरमध्ये जनमत घेतले गेले. तोही एके काळचा पोर्तुगीज मुलूख. तेथल्या लोकांनी इंडोनेशियातून बाहेर पडण्याचा कौल दिला. ते पाहून नोव्हेंबर १९९९ मध्ये बंदा आचे शहरातल्या मोठ्या मशिदीपुढे लाखोंनी लोक जमले आणि त्यांनी मागितले, आम्हालाही विचारा. सरकारने विचारले नाही. २००१ साली एक स्वायत्ततेचा कायदा दिला, तोही जकार्तातच बसून लिहिलेला. डिसेंबर २००२ मध्ये युद्धविराम झाला, तो मे २००३ मध्ये मोडला आणि लष्करी कायदा आला. पुन्हा रक्त.

मग २६ डिसेंबर २००४ चा दिवस उजाडला. रविवार होता. तो दिवस आपल्याकडच्या नागपट्टणमच्या कोळ्यांनी, केरळातल्या आणि निकोबारच्या लोकांनीही पाहिला आहे. सकाळी आठच्या सुमारास समुद्रतळ हादरला आणि थोड्याच वेळात लाट आली. एकट्या आचेत दीड लाखाहून अधिक माणसे मेली किंवा कायमची नाहीशी झाली. वीज तयार करणारे २,६०० टनांचे जहाज पाण्याने उचलून शहरात दोन-तीन किलोमीटर आत नेऊन ठेवले. ते आजही तेथेच आहे. लांपुलो या कोळीवाड्यात एक मासेमारी होडी एका घराच्या माथ्यावर जाऊन बसली आणि तिच्यात चढलेले ५९ जीव वाचले.

आणखी एक गोष्ट मच्छीमार बांधवांनी ध्यानात ठेवण्यासारखी. आचेच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचे बेट आहे. तेथे १९०७ साली अशीच लाट आली होती. तिला ते 'स्मोंग' म्हणतात. आज्यांनी नातवंडांना सांगून ठेवले होते की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की वाट न पाहता डोंगराकडे पळा. ९७ वर्षे हा शब्द तोंडोतोंडी राहिला. त्या दिवशी सत्तर हजारांवर वस्तीच्या त्या बेटावर लाटेने दगावली ती माणसे बोटांवर मोजण्याइतकी. गरिबांच्या आज्यांनी आपला शब्द शंभर वर्षे राखला, आणि सरकारांना आपला शब्द दहा वर्षे राखता आला नाही.

लोक म्हणतात, लाटेने आचेत शांतता आणली. हे अर्धेच खरे आहे. तीच लाट त्याच दिवशी श्रीलंकेवर आली. तेथेही बंडखोर आणि सरकार समोरासमोर होते. तेथे मदत कोणी वाटायची यावरून भांडण झाले, आणि लढाई २००९ च्या मे महिन्यापर्यंत चालून हजारो निरपराध मेले. लाट दोन्हीकडे एकच होती. मग फरक कशाने पडला?

फरक पडला तो माणसांच्या शहाणपणाने. २००४ च्या अखेरीस निवडून आलेले अध्यक्ष युधोयोनो आणि उपाध्यक्ष युसुफ काल्ला यांनी लाटेच्या आधीच गुपचूप बोलणी सुरू करण्याची खटपट चालवली होती. लाट येताच बंडखोरांनी आपण होऊन शस्त्रे थांबवली. फिनलंडचे माजी अध्यक्ष मार्ती आहतिसारी यांनी मध्यस्थी पत्करली आणि जानेवारी २००५ मध्ये हेलसिंकी शहरात दोन्ही बाजू बसल्या. त्यांची अट अशी की सगळे ठरेपर्यंत काहीच ठरले असे मानायचे नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या बैठकीत तीस वर्षे स्वातंत्र्याची शपथ वाहणाऱ्या माणसांनी ती मागणी बाजूला ठेवली आणि म्हटले, आम्हाला आमचा कारभार द्या.

बांधवांनो, हे सोपे नव्हे. ज्याचा भाऊ त्या शब्दासाठी मेला, त्याच्या घरी जाऊन तो शब्द आम्ही सोडला असे सांगायचे, याला बंदूक चालवण्याहून जास्त छाती लागते. त्यांनी हट्ट सोडला. पण हक्क सोडला नाही. तो त्यांनी कलमाकलमाने कागदावर लिहून घेतला. १५ ऑगस्ट २००५ रोजी सह्या झाल्या. सरकारतर्फे हमीद अवालुद्दीन यांनी केली, चळवळीतर्फे मलिक महमूद यांनी.

त्या कागदात काय होते ते शेतकऱ्याच्या हिशेबाने सांगतो.

पहिले, शस्त्रे. चळवळीने ३,००० लढवय्ये मोकळे करायचे आणि ८४० शस्त्रे द्यायची. ही शस्त्रे सप्टेंबर ते डिसेंबर २००५ या काळात चार हप्त्यांनी दिली गेली आणि लोकांदेखत कापून टाकली. त्याच हप्त्यांबरोबर सरकारने बाहेरून आणलेले सैन्य मागे घ्यायचे. प्रांतात १४,७०० सैनिक आणि ९,१०० पोलिस, याहून जास्त ठेवायचे नाहीत. तू एक पाऊल टाक, मी एक टाकतो. आणि पावले मोजायला युरोपातले आणि शेजारच्या आशियाई देशांतले निरीक्षक हजर.

दुसरे, माफी. कैदेत असलेल्यांना पंधरा दिवसांत सोडायचे.

तिसरे, वाटा. आचेच्या जमिनीतून आणि समुद्रातून निघणाऱ्या तेल-वायूच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा आचेचा.

चौथे, राजकारण. इंडोनेशियात सगळ्या पक्षांना देशभर पसारा दाखवावा लागतो. आचेला मात्र आपले प्रांतिक पक्ष काढण्याची मोकळीक मिळाली.

पाचवे, जमीन. लढवय्यांना, सुटलेल्या कैद्यांना आणि नुकसान झालेल्या साध्या माणसांना कसायला जमीन द्यायची.

सहावे, हद्द. आचेची हद्द १ जुलै १९५६ रोजी होती ती. हे कलम लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

यातले किती उतरले? शस्त्रे गेली, सैन्य गेले, कैदी सुटले, हे अक्षरशः झाले. ११ डिसेंबर २००६ रोजी निवडणूक झाली आणि इरवंदी युसुफ गव्हर्नर झाले. हा माणूस मूळचा गुरांचा डॉक्टर. लाट आली तेव्हा तो राजद्रोहाच्या शिक्षेवर बंदा आचेच्या तुरुंगात होता, पाणी चढले तसा छत फोडून वर निघाला आणि वाचला. दोन वर्षांत कैद्याचा गव्हर्नर झाला. २००९ च्या निवडणुकीत जुन्या लढवय्यांच्या 'पार्ताई आचे' या पक्षाने प्रांताच्या ६९ पैकी ३३ जागा जिंकल्या. बंदुकीने तीस वर्षांत जे मिळाले नाही ते मताने चार वर्षांत मिळाले.

तुमच्यासाठी याहून महत्त्वाचे एक सांगतो. २००६ साली आचेच्या कारभाराचा जो कायदा झाला, त्यात गावाच्या जुन्या मानकऱ्यांना नावाने जागा दिली. समुद्रावर 'पांग्लिमा लाओत' म्हणून मानकरी असतो. प्रत्येक खाडी-बंदराचा एक. कोणी कुठे जाळे टाकायचे, दोन होड्यांचे भांडण कसे मिटवायचे, बुडत्याला कोणी काढायचे, हे तो ठरवतो. शुक्रवारी समुद्रात जायचे नाही असा तेथे दंडक आहे. मोडला तर मासळी जप्त आणि काही दिवस होडी किनाऱ्यावर. लाटेनंतर २६ डिसेंबर हाही जाळे न टाकण्याचा दिवस ठरला. शेतावर तसाच 'केउजरुएन ब्लांग' असतो, तो पाटाचे पाणी वाटतो आणि पेरणीचा दिवस ठरवतो. आपल्या खाजनांत बांद आणि मानस राखणारी गावकरी होती, तिचेच हे भावंड म्हणा. आपल्याकडे गावकरीच्या हातून कारभार गेला आणि कित्येक ठिकाणी मानशी फुटून खारे पाणी शेतात शिरले. तेथे कायद्याने त्या माणसाला खुर्ची दिली. स्वायत्तता राजधानीतल्या सचिवालयापाशी संपली तर तिचा शेतकऱ्याला काय उपयोग?

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी प्रचारक ठरेन, तुमचा मास्तर राहणार नाही.

सत्तर टक्के वाटा मिळाला खरा, पण वायूच आटत आला होता. अरुणच्या कारखान्यातून वायूचे शेवटचे जहाज २०१४ साली निघाले. घागर रिकामी होत आल्यावर वाटणी झाली. त्याखेरीज २००८ पासून केंद्राकडून खास निधी येतो. तो २०२३ पासून अर्ध्यावर आला आहे आणि २०२७ पर्यंतच ठरलेला आहे. एवढा पैसा येऊनही आचे सुमात्रा बेटावरच्या सर्वांत गरीब प्रांतांतच मोजले जाते. पैसा गेला कुठे? जुने सेनापती ठेकेदार झाले. ज्या इरवंदींची गोष्ट आत्ता सांगितली, ते पुन्हा निवडून आले आणि २०१८ साली लाचलुचपतीच्या प्रकरणात पकडले गेले, त्यांना शिक्षा झाली. कुंपणच शेत खाऊ लागले. कुंपण आपल्या जातीचे, आपल्या भाषेचे होते म्हणून शेत वाचले नाही.

जमिनीचे कलम रखडले. साध्या लढवय्याला आणि नवरा गमावलेल्या बाईला कसायला जमीन मिळायला वर्षानुवर्षे लागली, कित्येकांना मिळालीच नाही. सत्य शोधण्यासाठीचा आयोग करारात होता, तो नेमायला २०१६ साल उजाडले. लाटेनंतर परदेशी मदतीच्या होड्या आल्या, त्यांतल्या कितीतरी समुद्रात न्यायच्या लायकीच्या नव्हत्या, कारण बांधताना खारव्याला विचारलेच नव्हते. आणि धर्माच्या नावाचे फटक्यांचे कायदे आले, त्यांचा धाक बसला तो गरिबांवर आणि बायकांवर. आपली सत्ता आली म्हणजे आपल्यातल्या दुबळ्यावर जुलूम होणार नाही, असे कोणी समजू नये.

आणि एका शब्दाची गंमत ऐका. हेलसिंकीच्या करारात लिहिले होते की आचेसंबंधी केंद्राने काही ठरवायचे तर आचेच्या विधिमंडळाशी विचारविनिमय करून आणि त्याच्या संमतीने ठरवावे. पुढच्या वर्षी जकार्तात कायदा झाला, त्यात 'संमती' गेली आणि नुसता 'विचार घेऊन' असा शब्द आला. एक शब्द बदलला आणि धन्याचा सल्लागार झाला. आपल्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वाट्याला सरकारी कामात वापर करण्याची तरतूद तेवढी आली. त्या तरतुदीचा रोजच्या कचेरीत काय अर्थ होतो, ते मराठीत अर्ज देऊन खेपा घालणाऱ्याला विचारा.

आता ते हद्दीचे कलम. २०२५ च्या एप्रिलमध्ये जकार्ताच्या गृहखात्याने हुकूम काढला आणि आचे सिंकिल जिल्ह्याजवळची चार छोटी बेटे शेजारच्या उत्तर सुमात्राला देऊन टाकली. ज्या प्रांतात १९५१ साली आचेला कोंबले होते तोच हा प्रांत. आचे खवळले. त्या वेळी गव्हर्नर कोण होते? मुझाकिर मनाफ. तीस वर्षांच्या लढ्यात बंडखोरांचे सरसेनापती राहिलेला माणूस. जुने दिवस असते तर चार बेटांसाठी चारशे पोरे मेली असती. या वेळी सरसेनापतीने कपाट उघडले. १९५६ च्या हद्दीचे कलम होते. १९९२ साली दोन्ही प्रांतांच्या गव्हर्नरांनी केलेला करारनामा होता. ते कागद पुढे आले, आणि १७ जून २०२५ रोजी अध्यक्ष प्राबोवो यांनी चारही बेटे आचेची असल्याचा निर्णय दिला. एक गोळी सुटली नाही.

बंधू-भगिनींनो, १९५६ हे साल आपल्यालाही विसरता येत नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव, निपाणी, कारवार हा मुलूख म्हैसूर राज्यात घातला गेला. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याच्या तारखा अजून पडताहेत. सीमाभागातल्या आपल्या भावांनी लाठ्या खाल्ल्या, गोळ्याही खाल्ल्या, पण बंदूक उचलली नाही. कोणी म्हणेल, म्हणूनच त्यांना कोणी विचारत नाही. मी म्हणतो, आचेकडे बघा. पंधरा हजार माणसे मेल्यावर शेवटी टेबलाशीच बसावे लागले. त्या टेबलाशी पंधरा हजार माणसे जिवंत असताना बसता आले नसते काय?

आता आपल्या घरचे. १६ जानेवारी १९६७ रोजी आपल्याला विचारले गेले. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१ पडली. ३४,०२१ मतांनी आपण हरलो. आचेच्या लोकांनी जे मागितले आणि त्यांना कधीच मिळाले नाही, ते आपल्याला मिळाले. आपल्याला विचारले गेले. म्हणून तो कौल मी मानतो. दुसऱ्या दिवशी कोणाच्या घरावर धोंडा पडू द्यायचा नाही असे आपल्यातल्या जाणत्यांनी ठरवले, याचा मला आजही अभिमान आहे. महाराष्ट्राशी आपले नाते एक व्हावे ही माझी इच्छा मेलेली नाही. पण ती कधी पुरी व्हायची तर शेजाऱ्याचे मन वळवून आणि मतानेच पुरी व्हायला हवी. दुसरी वाट मला नको, आणि तुम्हीही घेऊ नका.

पण हक्काचे काय? तो तर आज, उद्या, रोज राखायचा आहे. १९८० च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा पट्टा रापणकारासाठी राखला. कागद आपल्या बाजूला आहे. मग रात्री ट्रॉलर आत शिरतो तेव्हा तारीख, वेळ, होडीचा क्रमांक कोण लिहून ठेवतो? भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात कुळांसाठी कायदा झाला, पुढे मुंडकारांसाठी झाला. किती जणांनी आपल्या नावाची नोंद एक-चौदाच्या उताऱ्यावर स्वतः जाऊन पाहिली आहे? हात वर करा म्हणत नाही, लाजवायचे नाही. पण या आठवड्यात जाऊन पाहा.

तुम्हाला मी तीन कामे सांगतो. मराठीत अर्ज करा, त्याची पोच घ्या आणि मराठीतच उत्तर मागा. दिले नाही तर तोंडी भांडू नका, तारीख टाकून पुन्हा अर्ज करा. दुसरे, वाड्यावाड्यावर एक माणूस नेमा, त्याने बांद, मानस, रापणीची जागा, मुंडकाराचे घर यांचे कागद एका ट्रंकेत जमवावेत. नुस्ते विकायला बाजारात जाणारी मावशी हे काम पुरुषापेक्षा चोख करील, तिला नेमा. तिसरे, आपलाच माणूस निवडून गेला म्हणून निर्धास्त राहू नका. आचेच्या लोकांनी लढाई जिंकली आणि मग पहारा सोडला, त्याची किंमत ते अजून देताहेत.

त्या म्हाताऱ्या रापणकाराला परत जाताना मी हेच सांगणार आहे. बाबा, आमच्या गजाली सोंपल्यो नात. आचेच्या खारव्याने शंभर वर्षे एक शब्द आज्यांकडून नातवाकडे पोचवला, म्हणून त्याचे पोर वाचले. आपणही आपल्या पोरांना आपला कागद वाचायला शिकवू या, आपल्या भाषेत.

जय हिंद! जय गोमंतक! जय महाराष्ट्र!